पंचावन्न पौंडांचे धनुष्य

दुबईत देवपूजा करणे सोपे आहे. अवघड असते ते निर्माल्य. गावाकडे परडीभर फुले झाडाच्या आळ्यात टाकली की काम झाले. करामा वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावर आळे कुठले? देवाच्या अंगावरून उतरलेली फुले कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजत नाही आणि खाडीच्या पाण्यात सोडावीत तर दंड होण्याची भीती. म्हणून आमच्या बाल्कनीत एक कापडी पिशवी कायमची टांगलेली असे. रोज थोडेसेच पडे, पण पिशवी पाहता पाहता फुगे. किस्स्यांचेही तसेच असते. घडतात त्या दिवशी ते क्षुल्लक वाटतात, तरी फेकवत नाहीत. आज ती पिशवी तुमच्यापुढे उपडी करतो आहे. सुगंध उरला असेल याची हमी मात्र मागू नका.

आमचे मंडळ शुक्रवारच्या धनुर्धरांचे. सिलिकॉन ओएसिसच्या पुढे, जिथे इमारती संपून नुसती वाळू सुरू होई, तिथे एका क्लबचे धनुर्विद्येचे मैदान होते. शुक्रवार सुट्टीचा. उन्हे तापण्याच्या आत आम्ही तिथे जमत असू. विनायक कामेरकर हा आमचा म्होरक्या. मूळचा मालवणचा, दुबई मरीनात टॉवर उभारणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याचा जिवलग अन्वर, मुरूडचा, टाइल्सचा व्यापारी. बाकीचे सात-आठजण येऊन-जाऊन असत. मी वयाने सर्वांत मोठा, म्हणून सगळ्यांचा 'आबा'. मी स्वतः कधी बाण सोडला नाही. माझ्या देवघरात कोदंडधारी राम आहे. त्याच्या हातातल्या धनुष्याला आयुष्यभर गंध लावले. ते प्रत्यक्षात वाकते कसे, हे एकदा पाहावे म्हणून गेलो, आणि चहाचा थर्मास घेऊन जातच राहिलो.

कामेरकरला एकच ध्यास होता. क्लबच्या सामाईक धनुष्यांना तो विटला होता. त्याला हवे होते आपल्या शरीराच्या मापाचे, हाताने घडवलेले, जुन्या पद्धतीचे लाँगबो. ज्याला ना कप्प्या, ना नेम धरायची भिंगे. वेल्समधला एक म्हातारा कारागीर अशी धनुष्ये घडवी, वर्षाला मोजकीच. त्याच्याकडे नंबर लावावा लागे. दुबई कायमची सोडण्याआधी आपले धनुष्य आपल्या हाताने या वाळूत एकदा पूर्ण ओढायचे, एवढेच कामेरकरचे मागणे. ही गोष्ट मंदीच्या आधीची. तेव्हा मरीनातले टॉवर बघता बघता वर चढत, आणि ते चढवणाऱ्या माणसांनाही वाटे, की आपणही असेच चढत राहणार.

*

म्हाताऱ्याचा पहिला ईमेल आला : "शिकारीसाठी हवे, की नेमबाजीसाठी?"

कामेरकरने कळवले, "दोन्हीसाठी."

"मग शिकार कोणत्या प्राण्याची?"

प्रश्न रास्त होता. दोरी हनुवटीपर्यंत खेचताना जेवढा भार हातावर येतो, तेवढे त्या धनुष्याचे पौंड. हरणाला एक भार पुरतो, रानडुकराला दुसरा लागतो. कामेरकरच्या एका मित्राने त्याला आफ्रिकेत परवान्याच्या शिकारीला बोलावले होते. पण नेमके कोणाला मारायचे, हा विचार त्याने केलाच नव्हता. तो आठवडाभर अस्वस्थ होता. शुक्रवारी माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, तुमच्या पोथ्यांमध्ये बघून सांगा. कुठला प्राणी मारला तर पाप कमी लागतं?"

मी चहाचा कप त्याच्या हातात दिला. "विनायका, संतांनी एकाच शिकारीची मोकळीक दिली आहे. आपला अहंकार मारावा."

"त्याला किती पौंड लागतील?"

"त्याला पंचवीससुद्धा पुरे."

मागे बाण पुसत बसलेला अन्वर ताडकन म्हणाला, "कुणाचा, कामेरकरचा? आबा, तो जुना रानडुक्कर आहे! पंचावन्नच्या खाली पडायचा नाही!"

आम्ही पोट धरधरून हसलो. कामेरकरही हसला. पण तो आकडा तिथे थट्टेत पडला आणि त्याच्या मनात बीजासारखा रुजला. थट्टेतले शब्दही जपून सांडावेत असे वडीलधारी सांगत, ते उगीच नव्हे.

*

मग म्हाताऱ्याने माप मागवले. दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजायचे. त्यावरून दोरी किती मागे येणार आणि धनुष्य किती लांब हवे, ते ठरते.

कामेरकर साइटवर लेझरने मिलिमीटर मोजणारा माणूस. पण स्वतःला मोजायला तो करामातल्या हैदराबादी शिंप्याच्या दुकानात गेला. हात पसरून उभा राहिला. शिंप्याने टेप लावली, आकडा सांगितला, तो ईमेलने वेल्सला गेला. तिकडून उत्तर आले, "तुमची उंची आणि हे हात जुळत नाहीत. आपण माणूस आहात, की घार?"

कामेरकर तणतणत परत दुकानात. शिंपी शांतपणे म्हणाला, "साहब, बदन का नाप अलग, सिलाई का नाप अलग. मैंने दो इंच आगे के लिए छोड़ा है. इधर आके सब लोग मोटे होते हैं!"

अन्वरला हे कळले, तेव्हा तो म्हणाला, "छान! आता म्हाताऱ्याला लिही, धनुष्यालाही थोडी माया सोड, पुढंमागं उसवून घेऊ!"

*

डोळ्याची परीक्षा कामेरकरच्या घरी झाली. बाण धनुष्याच्या ज्या बाजूला बसणार, तिथेच लाकडात खाच पाडायची असते. म्हणून माणूस उजवा की डावा, आणि त्याचा जोरकस डोळा कोणता, हे आधी कळवावे लागते. कागदाला भोक पाडून त्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि एकेक डोळा मिटायचा. कामेरकरचा हात उजवा निघाला आणि डोळा डावा.

त्याची मुलगी मुग्धा तेव्हा शाळेत होती. तिने कॉम्प्युटरवर बघून निकाल दिला, "बाबा, यू आर क्रॉस-डॉमिनंट. इट्स व्हेरी कॉमन."

"म्हणजे काय गं?" मी विचारले.

"आबा, ही लुक्स विथ वन साइड अँड वर्क्स विथ द अदर."

स्वयंपाकघरातून शालिनीवहिनींचा आवाज आला, "म्हणजे बघायचं एकीकडे आणि करायचं भलतीकडे! याला इंग्रजीत नाव आहे होय? मी इतकी वर्षं उगाच मराठीत भांडले!"

उजवा की डावा या एका शब्दासाठी कामेरकरने जवळजवळ महिना लावला. शेवटी 'उजवा' असे कळवले. वेल्समधली रांग पुढे सरकत होती आणि आमचा विनायक प्रत्येक प्रश्नापाशी वाटेतल्या देवळापाशी थांबावे तसा थांबत होता. तेव्हा त्याच्या या चोखंदळपणाचे आम्हाला कौतुक वाटे.

*

पुढचा प्रश्न लाकडाचा. लाकडाला फायबरग्लासची पट्टी चिकटवली, की धनुष्य उन्हाला आणि धन्याच्या विसराळूपणाला दाद देत नाही. निव्वळ लाकडाच्या धनुष्याची मात्र सोवळ्यासारखी बडदास्त ठेवावी लागते. काम झाले की दोरी उतरवायची. चढवलेलीच राहिली, तर लाकडाला वाकून राहण्याची सवय लागते, ते मऊ पडते आणि त्याचे पौंड कमी होतात. म्हाताऱ्याने सल्ला दिला, "वाळवंटात राहता, तर काचेच्या धाग्याचे घ्या."

कामेरकर उसळला, "दिवसभर मरीनात काचच बघतो मी! घरी तरी लाकूड येऊ दे!"

आणि मग पौंड. म्हाताऱ्याने लिहिले, "जे धनुष्य ओढून धरलेले असताना तुम्ही शेजारच्या माणसाशी निवांत गप्पा मारू शकता, ते तुमचे. मी चाळीस सुचवतो." कामेरकरने उत्तर पाठवले : पंचावन्न.

तो तेव्हा तेवढे ओढत होता, हे खरे आहे. क्लबचे पंचावन्नचे धनुष्य घेऊन तो उभा राही, दोरी हनुवटीला टेके, मानेच्या शिरा टरटरून फुगत. अन्वर लगेच शेजारी जाऊन उभा राही.

"काय कामेरकर, वहिनी बऱ्या आहेत ना? मुग्धाची परीक्षा कशी गेली? गावाला पाऊसपाणी?"

कामेरकरच्या तोंडून नुसते "हं" निघे, आणि तेही बाण सुटल्यावर!

*

भाद्रपदात म्हाताऱ्याचा ईमेल आला. एका गिऱ्हाइकाने माघार घेतली होती. येव वृक्षाचे उत्तम मुरलेले लाकूड तयार होते. "या आठवड्यात पक्के कळवलेत, तर तुमचा नंबर वर घेतो. नाताळपर्यंत धनुष्य तुमच्या हातात."

कामेरकरला आनंद मावेना. त्याने मालवणला आईला फोन लावला. आईने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पितरांच्या दिसांत हत्यार घेतंस? बापाशीक काय वाटात?"

पितृपंधरवडा लागला होता. कामेरकर धावत माझ्याकडे आला. "आबा, तुम्ही देवाधर्मातले. तुमचं ऐकेल ती."

मी फोन घेतला आणि विनवले, "काकू, अहो, नुसते होकार कळवणे म्हणजे खरेदी नव्हे. वस्तू घरात यायची ती नाताळात. शिवाय देवाला निर्मळ मन लागते, पंचांग नव्हे."

पलीकडून काकू म्हणाल्या, "आबानू, तुमी देवमाणूस. तुमचा सगळा खरा. पण पितर तुमचे नाय, आमचे!"

यावर कोणते शास्त्र काढणार? घटस्थापनेला पहाटे आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून कामेरकरने होकार पाठवला. तोवर अमेरिकेतल्या बँका कोसळल्याच्या बातम्यांनी टीव्ही भरून गेला होता. वेल्सहून दोन ओळी आल्या : ते लाकूड दुसऱ्याला दिले, क्षमस्व, आपण पुन्हा रांगेत, शेवटी.

पितर तेवढे संतुष्ट झाले.

*

त्या हिवाळ्यात मरीनातल्या क्रेन एकेक करून थांबल्या. वाऱ्याने हलल्याच तर हलत. शुक्रवारच्या सतरंजीवर मोकळी जागा वाढत गेली. कुणी निरोप घेऊन गेले, कुणी न घेता. मी थर्मासमध्ये चहा तेवढाच नेत असे. परत आणताना तो जड लागे.

एका गुरुवारी संध्याकाळी कामेरकरच्या हाती कंपनीने पत्र ठेवले. शुक्रवारी पहाटे आम्हा सर्वांना ते ठाऊक होते. तो नेहमीसारखा आला, सतरंजीवर बसला. कुणी त्याच्याकडे बघेना. मी थर्मासचे झाकण उगाच उघडबंद करीत राहिलो.

"एक ठरत नाहीये," कामेरकर म्हणाला. "मुठीला लेदर लावून घेऊ, की नुसतं लाकूड ठेवू?"

मग अन्वर म्हणाला, "लेदर. हाताला घाम सुटतो."

"थंडीतही?"

"आता थंडीतही."

कामेरकरने मान हलवली. त्या दिवशी तो फार चांगले बाण मारून गेला.

*

शालिनीवहिनी इथल्या एका भारतीय शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून संसार टिकला. कामेरकर बायकोच्या व्हिसावर आला. नोकऱ्यांसाठी दारोदार फिरे, संध्याकाळी माझ्या घरी येऊन म्हणे, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत." पण थट्टा त्याने सोडली नाही. पासपोर्टवरचा शिक्का आम्हाला दाखवत म्हणाला, "बघा आबा, स्पॉन्सरच्या रकान्यात बायकोचं नाव! आता मी सरकारमान्य ताबेदार!"

अन्वर म्हणाला, "मग धनुष्याची ऑर्डर कशी चालू ठेवलीस? स्पॉन्सरची एनओसी घेतलीस का?"

वहिनी तिथेच होत्या. म्हणाल्या, "दिली आहे, अन्वरभावजी. पण अट आहे. आधी गवार निवडायची, मग बाण!"

हसणे ओसरल्यावर त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "माझं कॉन्ट्रॅक्ट आहे तोवर आहोत हो इथे. मग मालवण. तोवर येऊ दे ते एकदाचं. तिकडे कुठलं मैदान आणि कसली शिकार? एकदा ओढू देत त्यांना."

मी त्या रात्री रामरायापुढे वेगळे काही मागितले नाही. एवढेच म्हणालो, की हिचे ऐक.

*

मग खांदा गेला. कामेरकरला मधुमेह होताच. उजवा खांदा हळूहळू धरत गेला. गुरुवारच्या भजनाला तो आमच्या घरी येई. आरतीत टाळ्या वाजवताना एक हात वर आणि दुसरा पोटाशी. मग तो टाळ्या सोडून नुसता डोलू लागला. आमच्यातल्या नव्या माणसाला वाटे, केवढी ही तल्लीनता!

अन्वर त्याला एका मल्याळी डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. वेळ लागेल. शर्ट घालता येईल एवढा हात नक्की वर जाईल. आणखी कशाला हवा आहे?"

"धनुष्य ओढायला."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "विच सेंच्युरी?"

हा किस्सा अन्वर सर्वांना सांगे आणि सांगून झाल्यावर स्वतः मात्र हसत नसे.

नेमका त्याच सुमारास वेल्सचा ईमेल आला. तुमची पाळी आली. उद्यापासून लाकूड तासायला घेतो. पौंड बदलायचे असतील, तर ही शेवटची संधी. आम्ही दोघे कामेरकरच्या दिवाणखान्यात बसलो होतो. मी म्हणालो, "विनायका, तीस लिही. देवाने दिलेल्या देहाशी भांडू नये." अन्वर म्हणाला, "तीसच लिही रे. कागदी पुठ्ठ्यालाच तर मारायचंय."

कामेरकर कीबोर्डवर डावा हात ठेवून बसला होता. म्हणाला, "आबा, धनुष्य माझ्या मापाचं सांगितलंय. माझ्या दुखण्याच्या मापाचं नाही."

देह हे भाड्याचे घर, तो जीर्ण होणारच, हे मी आयुष्यभर गात आलो. त्याच वेळी ते त्याला सांगता आले असते. पण ज्याचे ऑफिस गेले, व्हिसा गेला, हुद्दा गेला, त्याच्याजवळ कुणीही कमी न केलेला एवढा एकच आकडा उरला होता. त्याने एका बोटाने टाइप केले : पंचावन्न.

*

धनुष्य आले ते लांब नळकांड्यातून, क्लबच्या परवानगीच्या कागदांसह. विमानतळाच्या मालगोदामात सोडवून घ्यायला आम्ही तिघे गेलो. तिथला स्थानिक अधिकारी पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला, तरुण, हौशी. त्याने ते काळजीपूर्वक बाहेर काढले, हातावर तोलले. लाकूड मधाच्या रंगाचे होते; कडेला दुधाळ रेघ.

"माशाल्ला," तो म्हणाला. "किती पौंड?"

"पंचावन्न," कामेरकर म्हणाला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

अधिकाऱ्याने कागद पुढे केला. कामेरकरने डाव्या हाताने उजवे मनगट धरून उचलले, टेबलावर ठेवले आणि सही केली. अधिकाऱ्याने ते पाहिले. धनुष्य परत नळकांड्यात सरकवले, झाकण लावले, आणि ते कामेरकरच्या नव्हे, अन्वरच्या हाती देत म्हणाला, "इन्शाल्ला, हबीबी. इन्शाल्ला."

गाडीत बसल्यावर अन्वर म्हणाला, "आपल्याकडे याच सुरात 'बघू' म्हणतात!"

कामेरकर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "म्हणू दे रे. बघू!"

*

त्या वर्षी नवरात्रात मालवणला काकूंचे दुखणे वाढले. कामेरकर धनुष्य कापडात गुंडाळून, दोरी उतरवून, कपाटात आडवे ठेवून गेला. घट वहिनींनी बसवले. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी त्यांनी मला बोलावले, कारण यंदा प्रथमच घरात शस्त्र होते.

मी गेलो. घटाशेजारी पाटावर धनुष्य उभे होते. हळदीकुंकू लावलेले, झेंडूची माळ घातलेले, आणि दोरी चढवलेले. अगदी माझ्या देवघरातल्यासारखे; दिसायला फार देखणे.

"वहिनी, दोरी कधी चढवली?"

"घटस्थापनेला."

"अहो, म्हणजे इतके दिवस तशीच? लाकूड मऊ पडेल! विनायकाने केवढे जपून..."

वहिनी निरांजनाची वात सारखी करीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अन्वरभावजींनीच चढवून दिली, आबा."

मला क्षणभर काही उमगेना. अन्वरला तर हे नियम पाठ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलीचे असावे तसे काहीतरी होते.

"पडेल ना हो मऊ?" त्या म्हणाल्या. "थोडं तरी?"

मी हळदीचे बोट धनुष्याला लावले आणि आरती सुरू केली.

कामेरकर पुढच्या आठवड्यात परतला. धनुष्य हाती घेऊन त्याने एक डोळा मिटला आणि लाकडाच्या पाठीची रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली. फार वेळ पाहिली. मग म्हणाला, "हवा मानवली याला इथली." आणि कुणालाही काही विचारले नाही.

*

शाळेचे वर्ष संपले, वहिनींचे कॉन्ट्रॅक्टही. सामान पुढे गेले होते. दोन दिवसांनी त्यांचे विमान होते. त्या शुक्रवारी मैदानावर आम्हीच तेवढे. कामेरकर, अन्वर, मी. वहिनी आणि मुग्धाही आल्या होत्या. वारा होता. वाळू घोट्यांवर टोचत होती. लक्ष्य नेहमीच्या जागी, पलीकडच्या टोकाला उभे. दाबून बांधलेल्या गवताचे, अवजड, मध्ये पिवळा ठिपका.

अन्वरने दोरी चढवून दिली. कामेरकरने धनुष्य घेतले, पाय रोवले, बाण लावला. इतकी वर्षे मी त्याला उभे राहताना पाहिले होते; उभे राहणे तेच होते. दोरी मागे येऊ लागली. थोडी आली. आणखी थोडी आली. छातीच्या अलीकडेच कुठेतरी ती थांबली आणि त्याचे सगळे अंग थरथरू लागले. वहिनींनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. कामेरकरने डोळे मिटले नाहीत. त्या अर्ध्याच ओढीवर त्याने बाण सोडला.

बाण सरळ गेला, निम्म्या वाटेत खाली आला आणि वाळूत तिरपा रुतला.

"बाबा, इट्स ओके," मुग्धा म्हणाली. "इट्स रिअली ओके."

त्याचे लक्ष नव्हते. तो लक्ष्याकडे पाहत होता. आपल्याकडे उशिरा आलेल्या पाहुण्याकडे पाहावे, तसा.

"अन्वर," तो म्हणाला.

"बोल."

"त्या टार्गेटला जाऊन सांग. म्हणावं, इतकी वर्षं कामेरकर तुझ्यासाठी थांबला. आता तू थोडं पुढं ये."

अन्वर हसला नाही. हातातला कप त्याने माझ्याकडे दिला, चपला काढून ठेवल्या आणि वाळू तुडवत थेट पलीकडे गेला. ते अवजड लक्ष्य त्याने दोन्ही हातांनी कवटाळले, आणि पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत, तो ते आमच्याकडे ओढत आणू लागला.